पहाटेचं पाणी

दिवेआगरहून मुंबईला नोकरीसाठी निघाले तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. वैशाख होता. पहाटेची एसटी, पोचवायला बरोबर बाबा, सामानात एक ट्रंक आणि मुरांब्याची बरणी. स्टँडवर आई आली नाही. आमच्या सामायिक विहिरीवर तीन घरांच्या नारळ-पोफळीच्या वाड्या भिजायच्या आणि दर तिसऱ्या पहाटे पाणी आमचं असायचं. नेमकी तीच पहाट. साडी गुडघ्यापर्यंत खोचून, हातात फावडं घेऊन ती पाटात उभी होती. मी चिखलातच वाकून नमस्कार केला. तिने ओला हात माझ्या डोक्यावर ठेवला. म्हणाली, "जा गो, नीट राहा. पाणी थांबत नाही कुणासाठी."

म्हसळ्यापर्यंत मी रडले. माणगावला बाबांनी चहा पाजला, तेव्हा रडू थांबलं आणि राग सुरू झाला. इतर मुलींच्या आया गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवतात आणि माझ्या आईला मुलीपेक्षा पोफळी जवळच्या! हा राग मी पुढे अनेक वर्षं त्या बरणीपेक्षाही जपून ठेवला.

आई गावच्या शाळेत शिक्षिका होती. सकाळी वाडी, मग शाळा. बाबा गेले, ती निवृत्त झाली, तेव्हा मी तिला खारघरच्या फ्लॅटवर घेऊन आले. चार दिवस तिने लिफ्ट, बाल्कनी, सोसायटीची बाग, सगळं कौतुकाने पाहिलं. पाचव्या दिवशी पिशवी भरली. "छान आहे हो तुमचं. पण इथे माझ्यावाचून अडतंय काय?" तेव्हा मला ते बोलणं लागलं होतं. लावून घेण्यापेक्षा नीट ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

नंतर कोकणात ते मोठं चक्रीवादळ आलं आणि वाडी आडवी झाली. आई तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेली. पाऊस सरला तशी तिने केळी लावल्या आणि केळींच्या सावलीत पोफळीची रोपं. पोफळीला सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात. मी फोनवर चिडून विचारलं, "आई, कोणासाठी हे?" ती शांतपणे म्हणाली, "अगो, रोपं आहेत म्हटल्यावर पाणी घालायला उठावं लागतं. म्हणून." एवढंच उत्तर. निवृत्तीनंतर काय करावं यावर मी पुढे बरीच व्याख्यानं ऐकली, पण त्यात याहून शहाणं काही सापडलं नाही.

कारण मग मीही निवृत्त झाले. निरोप समारंभात शाल मिळाली आणि श्रीफळ. ऑफिसने दिवेआगरच्या बाईला अक्षरशः नारळ दिला! पहिले महिने मजेत गेले. योगा क्लास, भिशी, व्हॉट्सॲपवर सुप्रभात. पण सकाळी अकराच्या सुमारास घर गप्प व्हायचं आणि मी सोफ्यावर रिमोट घेऊन बसायचे. माझ्यावाचून अडतंय काय, हा प्रश्न आता माझ्या घरात येऊन बसला होता. गाव सोडून बाहेर पडलेल्या आपल्यापैकी किती जणींना ही अकराची वेळ ठाऊक असेल!

त्यातच आई पाटाजवळ घसरली. मनगट मोडलं. आता मात्र तिला कायमचं न्यायचंच, असं ठरवून मी गेले. वाडीत कामाला येणारी यमुनामावशी मला बघून हसली. "बाय, तुजी आय न्हाय ऐकायची. प्लास्टर घालून पन पान्यावर हाय ती." खरंच होतं. आई विहिरीच्या कठड्याला टेकून उभी होती. मला बघताच म्हणाली, "आलीस? घे ते फावडं. एवढं पाणी होऊ दे, मग निघू."

ते एवढं पाणी संपलंच नाही. माझ्या तळहाताला फोड आले, पाट भलतीकडेच फुटला, एका झाडाच्या आळ्यात तळं आणि दुसरं आळं कोरडं. आई एका हाताने वर्ग घेत होती. "केळीला पुरे. ती कोपऱ्यातली पोफळ बघ, गरीब आहे बिचारी, मागत नाही." आठ दिवसांनी तिच्यासाठी भरलेली बॅग मीच रिकामी केली.

याला आता दोन वर्षं झाली. नवरा दर शुक्रवारी खारघरहून येतो आणि रविवारी "नेटवर्क नाही" अशी कुरकुर करत परत जातो. आई ब्याऐंशी वर्षांची आहे. सकाळी सुपारी सोलते आणि दुपारच्या गाडीने येणारं वर्तमानपत्र सगळं वाचते. संध्याकाळी देवळात भजनाला जाते आणि कोणाचा टाळ चुकला तर त्याच्याकडे शाळेतल्या नजरेने बघते. मला तिचा फार अभिमान वाटतो. हे मी तिला अजून तोंडावर सांगितलेलं नाही.

गेल्या चैत्रात माझी लेक सई बंगळुरूहून आली होती. जायच्या दिवशी पहाटेची एसटी, आणि पाणी आमचं. पंप सुरू होता, पाट भरून वाहत होता. सई चिखलातच वाकली, मी ओला हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि माझ्या तोंडून तेच निघालं, "नीट राहा गो." ती बॅग घेऊन वळली.

मागून आई आली. माझ्या हातातलं फावडं काढून घेत म्हणाली, "जा, स्टँडवर जा तिच्याबरोबर. पाणी मी धरते."

मी तिच्याकडे बघतच राहिले. जे कधी विचारलं नव्हतं ते तिला ऐकू आलं असावं. पाटाकडे बघत ती म्हणाली, "तुझ्या वेळी तुझे बाबाही गाडीत होते. रोपं नवी होती. मी फावडं कुणाच्या हातात देऊ?"

मी चिखलाच्या पायांनीच धावले. गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवला. सईसाठी हलवला, आणि थोडा आईच्या वाटचाही.

घर म्हणजे आपली वाट बघत थांबलेली जागा असं मी खारघरमध्ये समजत होते. आता वाटतं, आपण घटकाभर नसलो तर आपलं पाणी धरणारं माणूस जिथे आहे, आणि त्याचं पाणी धरायला आपण आहोत, ते घर.

परत आले तर आई घोट्याभर पाण्यात उभी होती. माझे भरलेले डोळे तिने पाहिले आणि फावडं पुढे केलं.

"घे. तिसरी ओळ राहिलीय."