एकेरी जास्वंद

आज सकाळी शेजारच्या काकू कुंपणापाशी येऊन थांबल्या. "अहो, तुम्हाला झाडांतलं कळतं ना? आमच्या डबल जास्वंदीला ही एकेरी फुलं कशी आली?"

त्या 'अहो'नं मी थेट वीस वर्षं मागे गेले. लग्न होऊन यवतमाळहून बिबवेवाडीत आले होते. गणपतीसाठी याच जास्वंदीचं, कुंपणाबाहेर आलेलं एक फूल तोडलं. देठाचा बुळबुळीत चीक बोटांना लागला, तोच काकू गॅलरीतून ओरडल्या, "ए, ठेव ते खाली! तुझ्या गावाकडे चालत असेल हे." सगळी गल्ली बघत होती. मी फूल कुंपणाच्या कठड्यावर ठेवलं. तेव्हा वाटलं, मला लाज वाटतेय. आज कळतं, तो राग होता.

डबल फुलांच्या झाडाची एखादी फांदी कधीकधी मूळ वळणावर जाते. ती बुडापासून छाटली नाही, तर तीच जोमानं वाढते आणि हळूहळू सगळं झाड एकेरी होतं. झाडं छाटायची कात्री माझ्या हातातच होती. ती मी पाठीमागे धरली.

"काही करू नका, काकू," मी म्हणाले. "जास्वंद एकेरीवर आलीय, एवढंच. तेव्हा तुम्ही नव्हतात का आला?"