कुंदाबाईंची नजर

शिंदखेड्याजवळच्या एका गावात कुंदाबाई चोवीस वर्षं अंगणवाडी चालवत होत्या, आणि त्यातली तेवीस वर्षं आयांना एकच सांगत आल्या होत्या: बायांनो, पोरांना खाऊ घाला! तेल, तूप, गूळ, हात आखडू नका. मागच्या वर्षी धुळ्याच्या प्रशिक्षणात मॅडम म्हणाल्या, आता लठ्ठ पोरांच्या आईबापांनाही समजवायचं. घ्या! मॅडमचं काय जातं सांगायला? गावात तोंड दाखवायचं ते कुंदाबाईंनी.

गावात असं पोर एकच होतं, पण नामी होतं. झुंबरबाई अक्कांचा नातू हेमराज, वय पाच, वजन एकोणतीस किलो. अंगणवाडीच्या तीन पायऱ्या चढला की दारातच बसून धापा टाकायचा. कुंदाबाईंचा जीव तुटायचा त्याच्यासाठी. रोज हाताला धरून त्या त्याला अंगणात दोन फेऱ्या पळवत, आणि महिन्याभरात तो आपला आपण पळायलाही लागला होता.

मग त्यांनी पालकसभा घेतली. अक्कांनी मोठ्या मनानं कळवलं, सभेला आलेल्या बाया उपाशी कशा जातील, वरण-बट्टी आमच्याकडून. तुपात बुडवलेल्या बट्ट्या खात बायांनी लठ्ठपणावरचं भाषण अगदी मन लावून ऐकलं. सगळं गोडीगुलाबीनं चाललं होतं. पण कुंदाबाईंनी हेमराजला काट्यावर उभं केलं आणि आकडा चारचौघींत मोठ्यानं वाचला. पोराचं वजन असं बोलून दाखवतं का कुणी?

अक्का ताडकन उठल्या. "कुंदा, तुनी नजर लागनी मना नातूले!"

घरी जाऊन त्यांनी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. ठसका आला नाही, म्हणजे नजर पक्की. दुसऱ्या दिवसापासून हेमराज अंगणवाडीत येईना. नजर लागलेलं पोर वाळतं, म्हणून खुराक दुप्पट झाला आणि बाहेर पडणं बंद. त्याची आई दिपमाला एकदा नळावर हळूच म्हणाली, "बाई, दिनभर मोबाइल लईसन खाटवर पडेल ऱ्हास. कायतरी करा." सासूपुढं बोलायची तिची टाप नव्हती.

शेवटी मानापमान गिळून कुंदाबाई अक्कांच्या दारात गेल्या.

"जेनी नजर, तेनाच हात," अक्का म्हणाल्या. त्या घरची रीतच तशी. ज्याची नजर लागली त्यानंच पोराला पोटभर भरवायचं, म्हणजे दोष फिटतो. अख्खी बट्टी, तुपासकट. ती संपली की उद्यापासून पोरगं अंगणवाडीत.

एका बट्टीनं काय होतंय, उद्यापासून पळवू, असं मनाशी म्हणत कुंदाबाई भरवायला बसल्या. अर्धी बट्टी गेली आणि हेमराजनं तोंड मिटलं.

"बाई, पोट भरनं," तो म्हणाला.

त्याच्या तोंडून हे दिपमाला पहिल्यांदाच ऐकत होती. तिनं दाराआडून मोठ्या आशेनं बाईंकडे पाहिलं. कुंदाबाईंचा हात थबकला. सभेत त्यांनी हेच तर सांगितलं होतं, पोर नको म्हणालं की थांबा. पण समोर अक्का तुपाची वाटी धरून बसल्या होत्या, आणि थांबावं तर पोरगं पुन्हा त्या खाटेवर.

"एवढा एकच घास, राजा," कुंदाबाई म्हणाल्या. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हेमराजनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि शहाण्यासारखं तोंड उघडलं.