तिसऱ्या प्रकारचा पाहुणा

संगणकाच्या पडद्यावर चुकीची लाल रेघ उमटली की मला अजूनही शाळेतल्यासारखं ओशाळायला होतं. लेक मला प्रोग्रामिंगची एक भाषा शिकवते आहे. त्या भाषेत एखादा प्रकार आपणच ठरवायचा, त्यात कोण कोण बसतं ते सांगायचं, आणि मग त्यातल्या प्रत्येकाचं काय करायचं तेही. मी ऐटीत ‘पाहुणा’ हा प्रकार केला: जेवणारा किंवा न जेवणारा. जेवणाऱ्याला ताट, न जेवणाऱ्याला चहा. अख्खी माणसाची जात दोन शब्दांत उरकली!

बायको मागून म्हणाली, “आणि तुमचे दादा? ‘जेवून आलोय’ म्हणतात नि चार पोळ्या खातात!”

मी निमूटपणे तिसरा पाहुणा घातला. लगेच लाल रेघ: याला काय वाढायचं, ते सांगितलेलं नाही.

“बाबा, खाली ‘इतर’ म्हणून उरलेल्या सगळ्यांना काही नाही, असं लिहा. गप्प बसेल यंत्र,” लेक म्हणाली.

नाही लिहिणार! निवृत्त झाल्यापासून घरातल्या प्रत्येक बेतात मी ‘इतर’मध्येच असतो, तिथली हवा मला ठाऊक आहे. यंत्रसुद्धा विचारतंय, या माणसाचं काय, आणि आपण यंत्राचंच तोंड बंद करायचं? मला दादाची ओळ जमेपर्यंत रेघ राहू दे लाल. दादाला मी नावानिशी मांडणार, आणि त्याच्यापुढे लिहिणार: पूर्ण ताट, न विचारता.