हसण्याची पाटी

इथे आखातात, सूक वाकिफ बाजाराजवळच्या गल्लीत पितळेच्या पाट्या कोरणारे एक चाचा बसतात. रत्नागिरीकडचे. नाव मी कधी विचारलं नाही. अक्षर कोरताना ते श्वास धरतात आणि संपलं की फुंकर मारून कीस उडवतात.

आमच्या ऑफिसातले इंग्रज साहेब सुट्टीवर गावी निघाले होते. त्यांच्या गावातल्या बेकरीत एका जुन्या विनोदी टीव्ही मालिकेचं शूटिंग झालं होतं. तिथे आठवणीची पाटी लावायची चाहत्यांची इच्छा होती. साहेबांनी ते काम अंगावर घेतलं आणि मला चाचांकडे पाठवलं.

आठवणीची पाटी हवी म्हटल्यावर चाचांनी विचारलं, "कोण वारला?"

"कोणी नाही. तिथे शूटिंग झालेली मालिका बघून लोक खूप हसले, म्हणून पाटी."

"निस्ते हसले म्हणून?" त्यांनी हत्यार खाली ठेवलं. "दाखव बघू आधी."

मी मोबाइलवर प्रसंग लावला. एक गृहस्थ लांब शिडी घेऊन बेकरीत शिरतो आणि वळताना सगळे पाव रस्त्यावर उडवतो. चाचांना इंग्रजी येत नाही, तरी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"आजवर डॉक्टरांची, मॅनेजरांची नावं कोरली," ते म्हणाले. "हसण्याची पाटी ही पहिलीच. घाई करू नको, उद्या ये."

महिन्याभराने साहेबांनी फोटो पाठवला. बेकरीच्या भिंतीवर पाटी, आणि समोर खळखळून हसणाऱ्या दोन म्हाताऱ्या. मी लगेच चाचांना नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा चढवून फोटो मोठा केला.

"बायका कशा हसतायत बघा," मी म्हटलं.

"हसतायत हां!" चाचा खूश झाले. "पण तुझ्या साहेबानं पाटी वाकडी लावलीन."