चंदन लावलेला प्रोसेसर

आज मला चार लोक ‘साहेब’ म्हणतात, ते आमच्या तालुक्याच्या शाळेतल्या गणिताच्या मास्तरांमुळे. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गासड्या उचलायचे. मी बी.एस्सी. झालो तेव्हा आईने निकालाचा कागद उलटा धरूनच कपाळाला लावला. मास्तरांनी मला एक नियम दिला होता : ताळा केल्याशिवाय उत्तराखाली रेघ मारायची नाही. बनारसला सरकारी कचेरीत नोकरी लागली, तेव्हा त्यांनी ओळखीच्या एका घरी खोलीसाठी चिठ्ठी दिली. ‘मुलगा हुशार आहे. शंका आली की बोलतो.’ यातलं दुसरं वाक्य मी खोटं ठरवलं, त्याची ही हकिकत.

घर पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत होतं. घरमालक मराठी भटजी, सगळे त्यांना काका म्हणत. शहरातल्या मराठी घरांसाठी ते दरवर्षी लहानसं पंचांग काढत. काकू त्यातल्या तिथ्या बघून उपास करत आणि गल्लीतल्या बायका काकूंना बघून. त्या वर्षी काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. आकडे दिसेनात. छापखान्याला मजकूर द्यायला आठ दिवस उरले होते, आणि पाडव्याला पंचांग निघालं नाही असं त्या घरात कधी घडलं नव्हतं.

आशा एकच होती, कोपऱ्यातला संगणक. नागपूरच्या एका यजमानाने आपल्या वारलेल्या वडिलांच्या शय्यादानात गादी, छत्री आणि चपलांच्या जोडीने तो दिला होता. वडील शेवटची वर्षं त्याच्यापुढेच बसलेले. स्वर्गात त्यांचं अडायला नको. यंत्र तेव्हाच जुनं झालेलं, चारशेशहाऐंशी जातीचं, वेग तेहतीस मेगाहर्ट्झ. घरात पदवीधर मी एकटा, तेव्हा ते मला येतंच असं सर्वांनी गृहीत धरलं. मीही धरलं.

काकांच्या रीतीप्रमाणे तिथीचं गणित मी संगणकाच्या बेसिक भाषेत लिहिलं. एका महिन्याला यंत्र सहा तास घेई. त्यात बनारसची वीज. साडेपाच तास झाले की ती जाई आणि यंत्र पुन्हा प्रतिपदेवर येऊन बसे.

गल्लीच्या तोंडाशी टीव्ही दुरुस्त करणारा मिस्त्री होता. त्याच्याकडून कळलं, की यंत्राच्या आतल्या पाटीवर पिना असतात आणि त्यांवरची प्लॅस्टिकची बारकी टोपी सरकवली की प्रोसेसर जास्त वेगाने पळतो.

“पर भइया, एक सीढ़ी,” तो म्हणाला. “तैंतीस से चालीस. टोपी पहले कहाँ थी, काग़ज़ पर उतार लो. वोल्टेज मत छूना. ऊपर ये फ़िन बैठाओ, बीच में ये सफ़ेद लेप, ज़रा-सा. घंटा भर चलाओ, उँगली से देखो, हिसाब मिलाओ. फिर सोचना आगे का.”

इतका शहाणा सल्ला मला विद्यापीठातही कुणी दिला नव्हता. मी ॲल्युमिनियमच्या उभ्या पात्या असलेली चकती आणि लेपाची पुडी घेऊन घरी आलो.

काकांनी मुहूर्त काढला. नारळ फुटला. यंत्राच्या डब्याला हळदकुंकू लागलं. मी पुडी उघडली तसा काकांनी नाकाला पदर लावावा तसं उपरणं लावलं.

“हे काय आहे?”

“लेप आहे काका. उष्णता चकतीत जाते त्याने.”

“चरबी असेल त्यात. ज्या यंत्रावर एकादशी काढायची त्याला चरबी? अरे, ठंडकच पाहिजे ना? मग चंदनासारखं दुसरं आहे काय!”

चंदन म्हणजे लाकूड आणि पाणी. पाणी उडून जाणार आणि लाकूड उष्णता अडवून बसणार. हे मला ठाऊक होतं; उष्णतेच्या प्रकरणात मला चांगले गुण होते. मी म्हणालो, “हो काका.”

काकूंनी सहाणेवर खोड उगाळून दिलं. मी ते प्रोसेसरला गंधासारखं लावलं, वर चकती बसवली. आणि एकदा ‘हो’ म्हटल्यावर मलाही ते पटलं; एवढा शीतल लेप लागलाच आहे, तर एक पायरी कशाला, म्हणून टोपी चाळीस सोडून थेट पन्नासवर नेली.

यंत्र पळालं! चैत्र चार तासांत आटोपला. थोड्या वेळाने डब्यातून मंद सुगंध येऊ लागला. काका गहिवरले. “देवघरासारखा वास येतोय.” शेजारपाजारचे दर्शनाला आले. एका म्हाताऱ्यांनी डब्यापुढे चाफ्याचं फूल ठेवलं आणि मला विचारलं, “बाबू, दमा पण बघतं का हे?” पाचव्या दिवशी सगळं वर्ष कागदावर होतं. शेवटच्या ओळीखाली मी रेघ मारली.

सकाळी छापखान्यात निघालो, तर काकूंनी अडवलं. “एकादश्या वाचून दाखव. शिंगाड्याचं पीठ किती लागेल ते बघते.”

मी वाचत गेलो, त्या बोटांची पेरं मोजत गेल्या. श्रावणात त्यांचं बोट थांबलं.

“बाराव्या दिवशी परत एकादशी? अहो पदवीधर, पंधरवडा तरी होऊ द्या. तुमच्या डब्याला उपासाची भारीच हौस!”

मी यंत्र घटकाभर चालवलं आणि डबा उघडला. चंदन वाळून त्याच्या खपल्या झाल्या होत्या. प्रोसेसरला बोट लावलं तर चटका बसला. यंत्र बंद पडलं असतं तर बरं होतं. ते तापल्या डोक्याने उत्तरं देत राहिलं, आणि उत्तरं सुबक छापली होती म्हणून मी ती मानली.

मी काकांपुढे उभा राहिलो. “चंदनाने हे होणार, मला माहीत होतं.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुम्ही मोठे.”

“मी मोठा का पंचांग मोठं?” मग तेच म्हणाले, “आण ती चरबी.”

“आणि इंजेक्शन घेताना विचारता का आत काय आहे ते?” काकू आतून म्हणाल्या.

छापखान्यात जाऊन मुदत मागितली. मालक हसला. छपाईचे खिळे जुळवणारा माणूस दिवसाला एकच महिना जुळवत होता. रोज एक महिना आणून दिला तरी चाललं असतं. हे मी आधी विचारलं नव्हतं.

त्या रविवारी मी मास्तरांना पत्र टाकलं :

“मास्तर, नमस्कार. मी खुशाल आहे. तुम्ही चिठ्ठीत लिहिलं होतं की शंका आली की मी बोलतो. इथे मी बोललो नाही आणि काकांचं पंचांग बुडवायला निघालो होतो. मोठ्यांपुढे गप्प बसणं म्हणजे आदर, असं मला वाटत होतं. आता यंत्र चाळीसवर चालतं, चकतीखाली पांढरा लेप आहे, आणि टोपीची जुनी जागा कागदावर लिहून डब्याच्या आत चिकटवली आहे. रोज एक महिना निघतो. काकू बोटांवर मोजतात, काका तोंडी गणित करतात, तिघांचं जुळलं की मगच रेघ मारतो. आज श्रावण जुळला. पंचांग छापून आलं की पहिली प्रत तुम्हाला पाठवीन. ताळा केलेला आहे. तरी तुम्ही एकदा करावा.”