पायावरची अंघोळ

भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता, अजूनही नाही. ढोपरभर चिखलात भात लावणाऱ्या बाईला भूत भेटत नाही, जळवा भेटतात. तरी एक गोष्ट मला आजवर सुटलेली नाही... मी सांगते आहे, नात नीट लिहून काढते आहे.

आमचं गाव विंझर. भोरला संस्थान होतं तेव्हाची हकिगत. नवरा पटकीनं गेला, त्याच्यामागून माझं तान्हं बाळ तापानं गेलं, आणि मी भावाच्या घरी परत आले. भावानं किकवीच्या एका बिजवराशी माझा पाट, म्हणजे दुसरं लग्न, ठरवत आणलं होतं. माणूस पिऊन हात उचलतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला तिथं जायचं नव्हतं — मेले तरी नव्हतं.

माझी आत्या भोरला बाळंतिणींना तेल लावायला जायची. तिनं कचेरीतल्या एका कारकुनांच्या घरी माझ्यासाठी शब्द टाकला. त्यांच्या पत्नी बाळंतपणात फार अशक्त झाल्या होत्या. मूल सांभाळायला घरात राहणारी बाई हवी होती, पण आधी बाळाला अंघोळ घालून दाखवायची. आताच्या भाषेत इंटरव्ह्यू!

आदल्या दिवशी आत्या विंझरला आली आणि तिनं माझी तालीमच घेतली. पाय लांब करून बसवलं, गोधडीची गुंडाळी नडग्यांवर पालथी टाकली आणि तांब्यानं कोमट पाणी ओतायला लावलं.

"पाठीवं हात हलका ठिव. आन् ध्यानात धर, तान्ह्या लेकराच्या घरात दुखन्याचं नाव काडायचं न्हाई. तुजं बाळ कशानं गेलं त्ये बी न्हाई. बोललीस की गेली नोकरी."

"व्हय," मी म्हणाले, आणि माझा हात थांबला. गुंडाळी पोळत होती. पाण्याची ऊब नव्हे ती... अंगातला ताप. शेवटच्या दिवशी माझ्या बाळाचं अंग असंच लागत होतं.

आत्यानं हात लावून पाहिला. "वली गोधडी हाय गं. आटवन झाली आसंल तुला." मलाही ते पटलं.

दुसऱ्या दिवशी बैलगाडीनं नसरापूर, तिथून मोटारीनं भोर. बाईसाहेब स्वभावानं चांगल्या होत्या. न्हाणीच्या दारात बसून पाहत होत्या. बाळ गुटगुटीत, हसरं. मी त्याला पायावर घेतलं आणि नडग्या भाजायला लागल्या. घाबरून पाठीवरून तळवा फिरवला तर पाठ गार. हाताला गार आणि पायांना नुसती आग!

"हात छान आहे तुझा," बाईसाहेब म्हणाल्या. "उद्यापासूनच राहायला ये."

नोकरी मिळाली होती. किकवी टळली होती. आत्या डोळ्यांनी मला गप्प बस म्हणत होती... पण पायावरच्या त्या जिवाला मी कशी विसरू?

"बाईसाब, लेकराला डाक्टरला दावा. ह्येला ताप येनार हाय. माजं बी आसंच..."

त्यांनी झटकन बाळ उचललं, कपाळाला गाल लावला. ताप नव्हता. आत्याला एवढंच म्हणाल्या, "हिला घेऊन जा."

वाटेत आत्या रडत होती. "काय केलंस गं पोरी?"

आठवड्याच्या आत बाळ तापानं फणफणलं आणि गेलं. डॉक्टर आणले होते, उपयोग झाला नाही. काळ्या जिभेची बाई घरात आणली म्हणून आत्याची भोरातली सगळी कामं सुटली. माझा किकवीला पाट लागला, आणि तिथं जे व्हायचं ते झालं.

मला आधी कळलं, की मी बोलले म्हणून घडलं? नात म्हणते, आजी, योगायोग. असेल. पण नडग्या भाजल्या होत्या त्याचं काय, हे तिलाही सांगता येत नाही.

किकवीला मला दोन मुलं झाली. देवाच्या दयेनं दोघंही जगली. त्यांना अंघोळी शेजारणीनं घातल्या. मी पाणी तापवून द्यायचे आणि बाहेर जाऊन बसायचे.