डोंगराला टाके घालणारा भाऊ

फोनवर पुतण्या नुसतं “आत्या...” म्हणाला आणि थांबला. पुढचं त्यानं सांगायची गरजच उरली नाही. भाऊ गेला होता. मी अकोल्याला माझ्या स्वयंपाकघरात उभी होते, ओट्यावर ज्वारी निवडायची राहिली होती, आणि खरं सांगते, मला आधी रडू नाही, त्याचा रागच आला. दिवाळीला येतो म्हणून कबूल करून बसला होता. आता महिना उलटला, राग निवळला, तेव्हा कुठे चार ओळी लिहायला घेतल्या आहेत.

आमचं घर तिवशाकडचं, शेतीचं. भाऊ नागपूरला शिकून इंजिनीयर झाला, सरकारी नोकरीत लागला, आणि महाराष्ट्र नुकता झाला होता त्या सुमारास त्याची बदली अकोल्याला झाली. पातूरच्या पुढे घाटात रस्त्याखालचा उतार दर पावसाळ्यात सरकायचा. वर मातीचा जाड थर, खाली उतरता खडक, आणि मध्ये पाणी शिरलं की माती निघाली खाली. उताराच्या पायथ्याशी एक लहानशी वस्ती होती. कामाचं मायला समजावताना भाऊ तिच्याच मांडीवरच्या गोधडीला हात लावून म्हणाला होता, “हे पाय, वरचा पदर खालच्यावरून सरकू नये म्हणून तू टाके घालते ना? तसेच मी डोंगराले घालून राह्यलो.” टाके म्हणजे परातीएवढ्या तोंडाची खोल भोकं. तीन वाशांच्या तिकाटण्याला टांगलेलं भलंमोठं गिरमिट माणसं घाण्याच्या बैलांसारखी गोल फिरून जमिनीत उतरवायची. खडक लागला की जड छिन्नी आपटून खडकातही पुरुषभर शिरायचं, मग सळयांचा पिंजरा सोडून भोक काँक्रीटनं भरायचं. अशा खांबांची रांगच त्यानं उतारावर आडवी उभी केली, आणि वरून पाहिलं तर काही दिसायचंच नाही. माय म्हणाली, “इतका खर्च करून कायी दिसतच नाही, तं लोकं तुले काय म्हनतीन?”

लोक म्हणालेच. पावसाळा तोंडावर आला तशी वस्ती उठायला लागली. भाऊ त्यांना सांगत फिरला की आता डोंगर हलत नाही. वस्तीतले गुलाबराव म्हणून वयस्क शेतकरी होते, त्यांनी त्याला शांतपणे विचारलं, “सायेब, तुमी सोता राहान का अठी?” भाऊनं त्याच आठवड्यात उताराला सगळ्यात जवळचं, कडेचं घर भाड्यानं घेतलं आणि मायला तिवशाहून आणून ठेवलं! मी तेव्हा शाळेत शिकवत होते, रजा काढून मीही गेले. कोणी बोलावलं म्हणून नाही, जीव राहीना म्हणून.

त्या घराच्या खिडकीत भाऊ रोज सकाळी काशाची वाटी काठोकाठ भरून ठेवायचा. घर केसभर कललं तरी पाणी एका बाजूनं सांडेल, असा त्याचा हिशेब. हालचाल मोजायची भारी यंत्रं त्याला मिळाली नव्हती, आणि मिळाली असती तरी त्यानं वाटी ठेवलीच असती... स्वभावच तो.

झडीचे दिवस होते. एका सकाळी तो वाटीपाशी गेला आणि त्याचा चेहराच उतरला. पाणी काठाखाली, खिडकीची फळी एका बाजूनं ओली. तसाच तो भर पावसात बाहेर पळाला. आम्हाला वाटलं उतार बघायला गेला. तो वस्तीतलं एकेक दार वाजवत होता. म्हातारी माणसं, लेकरं, बकऱ्या, सगळं पलीकडच्या टेकाडावर काढून झालं, तेव्हा कुठे तो आमच्या दाराशी आला आणि मायला उचलूनच घेऊन गेला.

टेकाडावर आम्ही सगळे भिजत उभे, डोळे डोंगराकडे. डोंगर आपला जागच्या जागी. बऱ्याच वेळानं भाऊनं वाटीचं सांगितलं, तशी माय म्हणाली, “अरे, थे पानी? त्यातलं ओंजयभर म्या तुयशीले घातलं. निरं भरून ठुलं होतं, वाया जाऊन राह्यलं होतं.”

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. माय मात्र फुगून बसली होती. “साऱ्याइले आधी काढलं अन् मले शेवटी.” गुलाबराव हातातली बकरी सोडत म्हणाले, “म्हनूनच तं आमी आता अठून जात नाही, माय.” त्यानंतर वस्ती उठली नाही. पुढच्या कितीतरी पावसाळ्यांत उतारही हलला नाही.

माय ते गाऱ्हाणं जन्मभर सांगत राहिली, पाहुण्यांना तर हटकून, आणि सांगताना तिचा चेहरा असा फुलायचा की ऐकणाऱ्याला कळू नये ही तक्रार आहे की कौतुक. मला मात्र ते खुपायचं. माय उताराच्या सगळ्यात जवळ होती. शेवटच्या भेटीत, अमरावतीला दवाखान्यात त्याच्या उशाशी बसले असताना, मी विचारलंच, “भाऊ, मायले शेवटी काहून रे?”

तो म्हणाला, “आधी तिच्यापाशी गेलो असतो ना शकू, तं मंग दुसऱ्या दाराकडं पायच उचलला नसता...”

माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं त्यानं पाहिलं आणि लगेच चहाचं विचारलं.

त्याच्या अमरावतीच्या खोलीत ती वाटी अजून खिडकीत आहे. आजूबाजूला सगळी सपाट जमीन, डोंगर नावाला नाही, तरी तो रोज भरायचा. परवा गेले तर ती कोरडी दिसली. मला बघवेना. मी भरली, काठोकाठ. मग त्यातलं ओंजळभर तुळशीला घालायला उचलणार, तोच थांबले, आणि आधी स्वयंपाकघरातल्या वहिनींना हाक मारून सांगितलं. त्या घरात ते पाणी न सांगता कुणी उचलत नाही.